पोरांना टेकडीवर न्या, दर आठवड्याला

पाऊस सुरू झाला की पिंपरी-चिंचवडच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर जाहिराती येऊ लागतात. लहान मुलांसाठी निसर्गभ्रमंती. बस, नाश्ता आणि प्रमाणपत्रासह. चार वर्षांच्या पोराला चिखल तुडवल्याचं प्रमाणपत्र कशाला हवं? या सहली मुळशीला जातात, नाहीतर भीमाशंकरला. निगडीची दुर्गा टेकडी, देहूरोडपुढचं घोरावडेश्वर, इंदुरीजवळचा भंडारा डोंगर, चाकणच्या बाजूचा भामचंद्र ही नावं जाहिरातींत शोधून सापडत नाहीत. घराजवळच्या टेकडीचे पैसे कोण देणार?

वर्षातून एकदा जंगल दाखवून लहान मूल काही शिकत नाही. त्याला तीच वाट आणि तोच दगड पुन्हा पुन्हा लागतो. पहिल्या पावसानंतर मृगाचा किडा निघतो, शेंगदाण्याहून लहान, लालभडक, मखमलीचा. बोट लावलं की पाय पोटाशी घेऊन गप्प पडतो. मूल उकिडवं बसून वाट बघतं आणि तो पुन्हा चालू लागला की किंचाळतं. तेवढ्यात सहलीचा गाईड 'चला, पुढे चला' करत येतो आणि शिकणं तिथेच थांबतं. जुलैत घोट्याएवढा असलेला टाकळा भाद्रपदात पोराच्या कमरेला लागतो, पिवळा फुलतो, दिवाळीपर्यंत लांब शेंगा धरतो. उन्हाळ्यात तीच टेकडी करडी, आणि टिटवी उघड्या खड्यांत अंडी घालून बसलेली. हे कळायला एकाच टेकडीवर वर्षभर जावं लागतं.

या विषयावर बोलणारे लगेच युरोपचे दाखले देतात. जर्मनीत फ्लेन्सबर्गला १९९३ मध्ये जंगलातल्या बालवाडीला सरकारी मान्यता मिळाली, हे खरंच आहे. पण त्याच्या कितीतरी आधी, १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या, आणि पुढे दोघींनी कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी शाळा उभी केली. गुरं राखायला जाणारी मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणात गेली. तिचं नाव कुरणशाळा. मोजायला खडे आणि बिया, ओळखायला पानं. इतकी पक्की वाट आपल्याच राज्यात पाडलेली असताना आपण ती चालायची सोडली, याचा मला राग येतो.

आणि ही गरज सगळ्यात जास्त कुणाला आहे? बस-नाश्त्याचे पैसे भरणाऱ्यांच्या मुलांना तर आहेच. पण चाकण, म्हाळुंगे, कुरुळीच्या चाळींतल्या मुलांना जास्त आहे. बाप रात्रपाळी करून झोपलेला, आई दिवसपाळीला, दहा बाय दहाची खोली, बाहेर कंटेनरची रांग. पोराच्या हातात मोबाइल. त्याच खोलीत कधी जालन्याहून, कधी बुलढाण्याहून आजी आलेली असते. टाकळ्याला ती तरोटा म्हणते, त्याचा कोवळा पाला कधी खुडायचा आणि भाजी कशी परतायची हे तिला पाठ असतं. पोरांना टेकडीवर न्यायला हिच्याइतकं जाणतं माणूस कुठल्या एजन्सीकडे मिळेल?

अडचण खरी आहे ती माणसांची. अंगणवाडीत एक सेविका, एक मदतनीस. वीस-पंचवीस पोरं टेकडीवर दोघींच्या भरवशावर सोडता येत नाहीत, आणि सेविकेच्या डोक्यावर आधीच वजन-उंचीच्या नोंदी आणि पोषण आहाराची कामं आहेत. कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकामावर खर्च करायचे असतात. त्यातून रोप लावून फोटो काढण्यापेक्षा तिसऱ्या बाईचा पगार द्या. टेल्कोच्या पिंपरी कारखान्यात सुमंत मुळगावकरांनी झाडं लावून घेतली, तळं केलं, त्यावर पक्षी आले. तेव्हा इथल्या उद्योगाला हे समजत नाही असं मी मानत नाही.

महापालिकेने आपल्या बालवाड्यांना आठवड्यातली एक सकाळ टेकडीसाठी लावून द्यावी. लांबचा डोंगर नको, जवळची टेकडी. पाच-सहा पोरांमागे एक मोठं माणूस, पायात बूट, अंगात पूर्ण बाह्या, आणि मधमाश्यांचं पोळं असलेल्या कड्याखाली अजिबात जायचं नाही. कपडे मळले म्हणून तक्रारी येतील. त्या ऐकून घ्याव्यात आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच टेकडीवर जावं.