देवनारचे बुजुर्ग

मुंबईचा कचरा देवनारला १९२७ पासून पडतोय. म्हणजे तिथला डोंगर वयाने आपल्यापैकी बहुतेकांपेक्षा मोठा. त्यांना अहो-जाहोच करायला हवं. जानेवारी २०१६ मध्ये ते भडकले. गोवंडीकर त्याआधीही वर्षानुवर्षं खोकतच होते, पण या वेळी धूर जरा बऱ्या वस्त्यांत शिरला, त्यामुळे प्रश्न गंभीर ठरला.

फेब्रुवारीअखेर उच्च न्यायालयाने मुंबईतल्या नव्या बांधकामांना परवानगी देणं थांबवलं. आधी कचऱ्याचं बघा, मग टॉवरचं. गोवंडीच्या खोकल्याला जे साधलं नाही ते सदनिकांच्या बुकिंगने साधलं: कचरा हा विषय बड्या मंडळींच्या जेवणाच्या टेबलावर आला.

एप्रिलमध्ये केंद्राचे नवे नियमही आले. ओला वेगळा, सुका वेगळा, घरगुती घातक वेगळा. झालं, सोसायट्यांत हिरवे-निळे डबे अवतरले. काकू दुधाची पिशवी धुऊन, चिमट्याने दोरीवर वाळत घालू लागल्या. सकाळी गाडी येते, मागचं झाकण वर होतं, आणि हिरव्या डब्यातली भेंडीची देठं काकूंच्या चकचकीत पिशवीवर विसावतात. गाडीला पोटच एक, ती तरी काय करणार?

मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बांधकामांना तात्पुरती, सशर्त मोकळीक दिली. डोंगर होते तिथेच होते. आसपासच्या फ्लॅटच्या जाहिरातीत 'हिल व्ह्यू' लिहायला हरकत नाही. खोटं तर नाहीच.