मास्तरांचा एअर फ्रायर

“अगं, मास्तरांकडे एअर फ्रायर आला, कळलं का?”

गडग्यापलीकडून काकूंचा आवाज. आमच्या वाडीत घरांना नंबर नाहीत, त्यामुळे कुरिअरवाला पत्ता विचारायला काकूंच्या दारात थांबतो आणि कुणाकडे काय आलं हे घेणाऱ्याच्या आधी काकूंना कळतं.

“आला का? मास्तरीणबाई तेल कमी करा म्हणून कधीच्या मागे लागल्या होत्या.”

“तेल कमी होईल तेव्हा होईल. मास्तर मात्र कालपासून सांगत सुटलेत, बारा हजार नऊशे नव्व्याण्णवचा फ्रायर तीन हजार नऊशे नव्व्याण्णवला पडला. एकोणसत्तर टक्के सूट! नऊ हजार वाचवले म्हणे.”

“मग वाचलेच की, काकू.”

“कुठून वाचले? आधी खिशात होते का?”

काकूंनी हातातला कोयता गडग्यावर ठेवला. म्हणजे आता माझी भाजी करपणार. काकूंचा जन्म बँकेच्या नोकरीत गेला. आकडा चुकीच्या रकान्यात दिसला की त्यांना चैन पडत नाही, मग तो आकडा शेजारच्यांचा असला तरी.

“त्या किमतीला तो फ्रायर आजवर एका तरी माणसाने घेतलाय का, विचार मास्तरांना. ती एमआरपी गं. कायदा म्हणतो, सगळे कर धरून छापलेल्या किमतीवर एक पैसाही जास्त घ्यायचा नाही. पण छापायचं किती, ते कंपनी ठरवते. काही औषधांच्या किमती सरकार बांधून देतं, फ्रायरच्या नाही. उद्या वीस हजार छापले तर सूट ऐंशी टक्के होईल, फ्रायर तोच राहील. आपली मासेवाली सुरमईचे आठशे सांगते आणि पाचशेला देते, तेव्हा तीनशे वाचले म्हणून तू पेढे वाटतेस का? तिथे आपल्याला कळतं. मोबाईलवर तोच आकडा काट मारून दाखवला की आपण भुलतो.”

“पण काकू, दुकानातही कमीच करून देतात.”

“तेच म्हणते मी. पेठेतल्या दुकानात मिक्सर छापील किमतीला घेतलेला माणूस तू पाहिलायस? म्हणजे खरा भाव खालचाच. आजच्या किमतीशी ताडून बघायची ती त्याच वस्तूची कालची विक्रीची किंमत. काट मारलेला आकडा बघायचाच नाही. थांब, तुला गंमत दाखवते.”

काकू आत गेल्या आणि कालनिर्णय घेऊनच आल्या. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, मधल्या जाऊबाईंच्या नातवाचं बारसं आणि त्या गर्दीत पेन्सिलने बारीक अक्षरात ‘फ्रा. ३७९९’. पुढच्या महिन्यात पुन्हा ‘फ्रा. ३७९९’. सेलच्या दहाबारा दिवस आधी ‘फ्रा. ५४९९’, त्याखाली दोन रेघा. आणि सेलच्या पहिल्या दिवशी ‘३९९९’.

“म्हणजे काकू, तुम्हालाही तोच घ्यायचा होता?”

“मास्तरांना मीच सांगितला होता. ते विसरले असतील.” काकूंनी पान परत फिरवलं. “बघ. तीन हजार सातशे नव्व्याण्णवची वस्तू आधी साडेपाच हजारांवर नेली, मग सेल म्हणून चार हजारांना दिली. मास्तरांनी सेलमध्ये दोनशे रुपये जास्त मोजले आणि वर नऊ हजार वाचल्याचा आनंद फुकट मिळवला.”

तेवढ्यात मास्तरच स्कूटरवरून आले. “काय, काय चाललंय?”

“काही नाही हो, भाव बघतोय. वडे कसे झाले?”

“उत्तम! जरा कोरडे झाले, पण उत्तम,” म्हणत मास्तर गेले. काकूंनी त्यांना अवाक्षर सांगितलं नाही. नव्या वस्तूचे चार दिवस माणसाला सुखाचे जाऊ द्यावेत, हे त्यांचं धोरण मला आवडतं.

मी विचारलं, सगळेच सेल असे का? काकू हिशोबाला पक्क्या, पण अन्याय करत नाहीत. “नाही गं. खरीही सूट असते. नवं मॉडेल यायचं असलं की जुना माल स्वस्तात काढतात. फक्त मॉडेलचा नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत बघायचा. मिक्सर दिसायला तोच, पण साडेसातशे वॉटऐवजी पाचशे वॉट आणि तीनऐवजी दोन भांडी. मग स्वस्त नाही तर काय होणार?”

“पण दोन महिने आधीपासून कोण लिहून ठेवतंय, काकू?”

“ज्याने लिहून ठेवलं नाही त्याच्यासाठी वेबसाइट आहेत. भाच्याने दाखवल्या. किपा म्हणून एक आहे, ती ॲमेझॉनवरच्या किमतींचा आलेख देते. आपल्याकडची बायहटके फ्लिपकार्टचाही देते. वस्तूच्या पानाची लिंक कॉपी करायची, त्यांच्या शोधायच्या चौकटीत चिकटवायची, की महिन्यांमागच्या किमती रेघेवर दिसतात. रेघ बरेच दिवस सपाट असेल तर तो खरा भाव. सेलच्या तोंडावर एकदम वर गेली आणि मग ‘उतरली’, तर काय झालं ते तू आत्ताच पाहिलंस. एकाच दिवशी खोल खड्डा दिसला तर त्यावरही जाऊ नये. कुठल्यातरी विक्रेत्याने दोन नग काढले असतील. रंग बदलला, विक्रेता बदलला तरी भाव बदलतो. आणि बँकेच्या कार्डाची सूट किंवा कूपन त्या रेघेत नसतं, ते आपण वजा करायचं.”

मी लगेच सांगितलं, की आमच्या ह्यांनी तसलंच काहीतरी ब्राउझरमध्ये बसवलंय, आपोआप किंमत दाखवतं.

काकूंच्या कपाळाला आठी पडली. “बसवताना काय परवानगी मागितली, वाचलं का त्यांनी? ‘सगळ्या वेबसाइटवरची तुमची माहिती वाचणं आणि बदलणं.’ सगळ्या म्हणजे बँकेचीसुद्धा आली. फ्रायरचा भाव बघायला त्याने माझं पासबुक कशाला बघावं? लिंक चिकटवून काम होतं तर काहीच बसवू नये. ठेवायचंच असेल तर सेटिंगमध्ये जाऊन आपण क्लिक करू तेव्हाच चालेल असं करावं. मोबाईलवरचं ॲप ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागू लागलं तर तिथूनच मागे फिरावं, ती दिली की त्याला पडद्यावरचं सगळं दिसतं. किंमत बघायला लॉगिन लागत नाही, कार्डाचा नंबर लागत नाही, ओटीपी तर नाहीच नाही.”

“पण ही माणसं फुकट का दाखवतात, काकू?”

“फुकट कुठलं! त्यांच्या लिंकवरून तू खरेदी केलीस की त्यांना दलाली मिळते. दलालीत पाप नाही, पण माहीत असावी. अमेरिकेत हनी नावाचं असंच कूपन शोधून देणारं एक्स्टेंशन होतं. पेपाल कंपनीने ते सुमारे चार अब्ज डॉलरला विकत घेतलं. म्हटलं ना, फुकटच्या वस्तूला चार अब्ज कोण देतं! मग २०२४ च्या डिसेंबरात एका यूट्यूबरने आरोप केला, की हे दुसऱ्याच्या लिंकवरून आलेल्या गिऱ्हाइकाची दलाली शेवटच्या क्षणी स्वतःच्या नावावर करून घेतं, आणि सगळ्यांत चांगलं कूपन दरवेळी दाखवतंच असं नाही. पुढच्या मार्चमध्ये गूगलने क्रोममधल्या अशा एक्स्टेंशनचे नियम कडक केले.”

बँकेतून निवृत्त झालेल्या बाईला हे सगळं कसं माहीत, असं मी विचारत नाही. दुपारी दोन ते चार सगळी वाडी झोपते तेव्हा काकू यूट्यूब बघतात.

आता माझा खरा प्रश्न आला. ह्यांना त्रेचाळीस इंची टीव्ही हवाय. आलेखात २०२५ च्या सप्टेंबरात किंमत धाडकन खाली आलेली दिसते, तेव्हा आता पुन्हा सप्टेंबरची वाट बघू, असं ह्यांचं म्हणणं.

काकू हसल्या. “अगं, तो सेल नव्हता, जीएसटी होता. २२ सप्टेंबरला बत्तीस इंचांवरच्या टीव्हींचा कर अठ्ठावीस टक्क्यांवरून अठरा झाला. एसीचा आणि भांडी घासायच्या यंत्राचाही. आणि ॲमेझॉन, फ्लिपकार्ट दोघांचेही मोठे सेल दुसऱ्याच दिवशी, २३ तारखेला सुरू झाले. कर धरून बत्तीस हजारांना असलेला टीव्ही दुकानदाराने दमडी सोडली नाही तरी साडेएकोणतीस हजारांना यायला हवा. पंचवीस हजार मूळ किंमत, त्यावर अठरा टक्के, करून बघ. ते अडीच हजार सरकारने सोडले, सेलने नाही. ती पायरी पुन्हा येणार नाही. त्या तारखेनंतरची रेघ बघा तुम्ही. आणि फ्रायरला, मिक्सरला आधीही अठराच टक्के होते, तेव्हा त्यांच्या जाहिरातीत कोणी कर कमी झाल्याचं सांगितलं तर हसून सोडून दे.”

“टीव्ही हप्त्यावर घ्यायचा म्हणतात. नो कॉस्ट ईएमआय.”

हे मी बोलायला नको होतं. काकूंनी पदर खोचला.

“२०१३ च्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आलं होतं आमच्याकडे. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, असं त्यात होतं. व्याज कुठेतरी दडवलेलं असतं. आता काय करतात, समज सहा महिन्यांचं व्याज पाचशे होतं. तेवढी सूट वस्तूच्या किमतीत आधीच देतात आणि मग बँक ते पाचशे व्याज लावते. पण त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे नव्वद रुपये, तुझ्या माथी. वर प्रोसेसिंग फी एकशे नव्व्याण्णव आणि तिच्यावर जीएसटी. सव्वातीनशेला गेली ना विनाखर्चाची योजना? शिवाय एकरकमी देणाऱ्याला जी सूट मिळाली असती ती सुटते ती वेगळीच. घ्या हप्त्यावर, गरज असेल तर जरूर घ्या. फक्त फुकट आहे म्हणून घेऊ नका.”

काकूंची लेक जर्मनीत असते, त्यामुळे कुठलाही विषय शेवटी तिकडे जातोच. पण या वेळी ते ऐकण्यासारखं होतं. युरोपीय संघात २०२२ च्या मे अखेरीपासून नियम आहे, की दर उतरवला असं सांगायचं तर आधीच्या तीस दिवसांतली सगळ्यांत कमी किंमत सांगावी लागते. आल्डी ज्यूडने पत्रकात ती किंमत बारीक अक्षरात दिली आणि टक्के मात्र त्याहून चढ्या किमतीवरून मोजले. केळ्यांची ‘उतरलेली’ किंमत महिन्यातल्या सर्वांत कमी किमतीएवढीच होती! ग्राहक संघटनेने दावा लावला आणि २०२४ च्या सप्टेंबरात युरोपच्या न्यायालयाने सांगितलं, टक्केही त्या तीस दिवसांच्या किमतीवरूनच मोजा.

“आपल्याकडे असं का नाही, काकू?”

“आपल्याकडे छापील किंमत आहे ना, तिच्यावरून मोजलं की हिशोब बरोबर. खोटं नाही आणि खरंही नाही. पण ‘फक्त दोनच उरले’, ‘दहा मिनिटांत संपणार’ असला खोटा घाईचा देखावा करायचा नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला सांगितलंय. असले तेरा प्रकार आहेत. गुपचूप टोपलीत विमा घालणं, एक किंमत दाखवून पैसे भरताना भलतीच फी जोडणं, सगळे त्यात आहेत. घड्याळ उलटं पळताना दिसलं की मी मोबाईल ठेवून चहा करते. परत येऊन पान पुन्हा उघडते. कितीदा तेच घड्याळ पहिल्यापासून पळत असतं.”

एका बाबतीत माझं काकूंशी जमत नाही. दोनशेच्या डब्यासाठीही त्या आलेख बघतात. तेवढ्यात माझी पोळ्यांची कणीक मळून होते. मी म्हणते, दोनतीन हजारांच्या पुढे गेलं तरच ही उस्तवार करावी, नाहीतर वाचलेल्या वीस रुपयांपेक्षा गेलेली दुपार महाग पडते. काकू म्हणतात, दुपार असतेच कशाला?

व्हॉट्सॲपवर येणाऱ्या ‘चाक फिरवा, फोन जिंका’ लिंकांवर काकूंचं मत एका वाक्याचं आहे: उघडू नये. ॲप आपल्या हाताने उघडावं, आणि पैसे मिळायचे असतील तर पिन घालावा लागत नाही हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावं.

भाजी करपलीच. पण वाचकांनो, दसरा-दिवाळीला जे घ्यायचं ठरलंय त्याची आजची विक्रीची किंमत आणि मॉडेलचा पूर्ण नंबर आजच टिपून ठेवा. किंमत आधी फुगवून दाखवलेली सूट पदरी पडली तर पानाचा स्क्रीनशॉट आणि ऑर्डरचा नंबर हाताशी ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन लावा, तिथे मराठीत बोलता येतं. पैसेच लुबाडले गेले असतील तर नंबर १९३०, आणि तो मात्र त्याच मिनिटाला लावायचा.