कुठवरचं आन् कवा?

दूध डेअरीच्या कॉम्प्युटरमध्ये काय असतं, याची उंब्रजमध्ये एरवी कुणाला पडलेली नसते. दर दहा दिवसांनी, बिल निघायच्या दिवशी मात्र सगळ्यांनाच पडलेली असते. कुणाचं किती लिटर, फॅट किती, उचल किती, पेंडीची पोती किती उधार, सगळं त्या एका डब्यात. म्हणून बॅकअपचा विषय आमच्या डेअरीच्या बैठकीत आला आणि चहाच्या दोन फेऱ्या झाल्या तरी सुटेना.

सचिव लॉजिकल एक्स्पोर्टच्या बाजूचे. पोस्टग्रेस डेटाबेसचं पीजी-डंप चालवायचं, की तो आपल्याकडचं सगळं ओळीनं लिहून देतो. साधा मजकूर, सचिवांचा भरवसा वाचता येईल त्यावरच. नव्या मशीनवर, नव्या आवृत्तीतही तो चढतो. खोट एवढीच, की रात्री काढलेल्या फाइलीला सकाळच्या दुधाचा पत्ता नसतो. शिवाय परत भरताना नोंदी चढणार, मग इंडेक्स नव्यानं बांधले जाणार. डेटा मोठा असला तर तोवर म्हशी पुन्हा पिळायला होतात.

सॉफ्टवेअरवाला पोरगा फिजिकल बॅकअपचा भक्त. डेटाच्या फाइली जशाच्या तशा उचलायच्या, परत ठेवल्या की काम चालू. पण मुख्य आवृत्ती तीच लागते आणि एकट्या पेंडीची उधारी हवी असली तरी अख्खं बिऱ्हाड उतरवावं लागतं. हे ऐकून सचिवांनी संध्याकाळचं दूध चालू असतानाच तो फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी केला. अशानं एक फाइल साडेसहाची येते, दुसरी पावणेसातची. चालू डेटाबेसची प्रत घ्यायला पोस्टग्रेसचंच पीजी-बेसबॅकअप वापरावं, नाहीतर सर्व्हर बंद करावा. पेनड्राइव्ह त्यांनी कॉम्प्युटरखालच्याच ड्रॉवरमध्ये ठेवला. गाव कृष्णा-तारळीच्या काठचं. पुराचं पाणी ड्रॉवर वगळून वर चढत नाही.

"आरं पर, मधल्या दुधाचं काय?" चेअरमन आबांनी विचारलं. पोरगा म्हणाला, "आबा, प्रत्येक बदल आधी वॉल नावाच्या लॉगमध्ये लिहिला जातो."

"म्हंजी फेरफार!"

अगदी तेच. जुना सातबारा घ्यायचा, त्यावर पुढचे फेरफार क्रमानं लावायचे, की आजचा उतारा तयार. पावणेतीनला कुणी चुकून नोंदी पुसल्या, तर त्याच्या मिनिटभर आधीच थांबायचं. एक्स्पोर्टवर हे फेरफार चढत नाहीत. "तलाठ्याला बी हे जमायचं न्हाय," आबा म्हणाले.

पण बॅकअप नुसता कागदावर असून भागत नाही, म्हणून पोरग्यानं एक गोष्ट सांगितली. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या बड्या कंपनीत चुकून चालू डेटाबेसच पुसला गेला. बॅकअपचे पाच उपाय कागदावर होते, वेळेला एकही धड नव्हता. सर्व्हर पोस्टग्रेस 9.6 चा, पीजी-डंप 9.2 चं, त्यामुळे डंप निघतच नव्हते आणि त्याची खबर देणारे ईमेलही पोचत नव्हते. शेवटी सहा तास आधी भलत्याच कामासाठी कुणीतरी घेतलेली प्रत कामी आली.

आबांनी हे ऐकून तंबाखू मळता मळता दोनच प्रश्न टाकले, "कुठवरचं मिळंल? आन् कवा मिळंल?" जाडजूड पुस्तकांत यांनाच आरपीओ आणि आरटीओ म्हणतात. सचिवांना आरटीओ म्हटल्यावर गाडीचं पासिंग आठवलं, ते सोडा. पण ही दोन उत्तरं ठरल्याशिवाय कुठला बॅकअप चांगला हे भांडणच फुकट. उत्तरंही जुन्या मशीनवर परत भरून बघितल्यावरच खरी कळतात.

ठराव झाला : रोज रात्री एक्स्पोर्ट, आठवड्याला फिजिकल, वॉलची साठवण कायम चालू, एक प्रत कराडात आणि महिन्याला एकदा परत भरून बघणे. सूचक आबा, अनुमोदक सगळे. ठरावाची प्रत मात्र एकच, सचिवांच्या वहीत. वही त्याच ड्रॉवरमध्ये.