खुब्याची खांदेमळणी

जालन्यात गुडघा बदलून घरी आलेल्या माणसाला भेटायला येणारे लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. खर्च किती आला, आणि वाटी कुठल्या स्टीलची बसवली? दुसरा प्रश्न या गावाला शोभतो. इथल्या एमआयडीसीतल्या भट्ट्यांमधली सळई गावोगावच्या स्लॅबात गेलेली. मग ती गुडघ्यातही गेली असेल, असं वाटलं तर नवल नाही. पण तिथे बहुधा कोबाल्ट-क्रोमियमचा मिश्रधातू असतो, मध्ये पॉलिथिलीनची चकती असते, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने अशा कृत्रिम गुडघ्याला जो ५४,७२० रुपयांचा (जीएसटी वेगळा) कमाल भाव ठरवून दिला, तो सळईसारखा रोज सकाळी फोन करून विचारावा लागत नाही. तिसरा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही: खुबा काय म्हणतोय? खरं तर तोच आधी विचारायला हवा. गुडघा कसाबसा ताळ्यावर येतो न येतो तोच काहींचा खुबा ठणकायला लागतो, आणि घरात पंचायत भरते. ऑपरेशन फसलं, वाटी तिरकी बसली, मुंबईलाच न्यायला हवं होतं! नव्या गुडघ्यावरचा हा आळ बऱ्याचदा खोटा असतो. खुबा मागत असतो ते जुनं येणं.

जोडीतला एक बैल लंगडायला लागला की ओढ दुसऱ्यावर येते. लंगडा बरा होतो, पण दुसऱ्याचा खांदा तोवर सोलवटलेला असतो. म्हणून तर पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद-तूप लावून खांदेमळणी करायची. खुब्याच्या नशिबी तेवढंही नाही. चालताना प्रत्येक पावलाला काही क्षण आपण एकाच पायावर उभे असतो. त्या क्षणी कंबर दुसऱ्या बाजूला कलू नये म्हणून खुब्याच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू ताणून धरतात, आणि सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो. माणूस सत्तर किलोचा असेल, तर पावणेदोनशे किलोच्या आसपास. गुडघा दुखतो म्हणून वर्षानुवर्षं झुकत, फेंगडत चाललेल्या माणसाचे हे स्नायू एकीकडे दमलेले असतात आणि दुसरीकडे आळसावलेले. अशात सर्जन तो धनुष्यासारखा वाकलेला पाय सरळ करतो. सरळ झालेला पाय किंचित लांबही होतो. एक पाय सरळ, दुसरा अजून वाकडाच; मधल्या कमरेने कुणाचं ऐकायचं? त्यातून इतके दिवस गुडघाच एवढ्या मोठ्याने ओरडत होता की खुब्याची कुरकुर कुणाच्या कानावर गेलीच नव्हती.

गुडघ्याचा मान मोठा, हे आपण देशपातळीवर पाहिलेलं आहे. अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना ऑक्टोबर २००० मध्ये त्यांचा डावा आणि जून २००१ मध्ये उजवा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला गेला. शस्त्रक्रियेसाठी न्यूयॉर्कहून आलेले डॉ. चित्तरंजन राणावत स्वतः कृत्रिम गुडघ्याच्या घडणीत वाटा असलेले सर्जन. त्या आठ महिन्यांत पानपट्टीपासून संसदेपर्यंत चर्चा गुडघ्याची. मधल्या काळात एक नवा आणि एक जुना गुडघा घेऊन देशाचा कारभार ओढणाऱ्या खुब्यांची चौकशी कुणी केली असेल, असं मला वाटत नाही.

नव्या गुडघ्याला असं निर्दोष सोडलं, तर कुणी म्हणेल, ही तर डॉक्टरांची वकिली झाली. तसं नाही. खुबा आधी तपासला नसेल, तर प्रश्न डॉक्टरलाच विचारायचा. खुब्याच्या सांध्याचं दुखणं कधीकधी गुडघ्यात जाणवतं, कारण दोघांना जाणाऱ्या नसा काही अंशी सामाईक आहेत. तेव्हा चोर वर आणि मार खाली, असंही घडू शकतं. रोग्याचा हात कुठे जातो, एवढं पाहिलं तरी पुष्कळ कळतं. जांघेत गेला तर संशय सांध्यावर. बाहेरच्या हाडावर गेला आणि त्या कुशीवर झोपवत नसेल, तर स्नायू आणि त्यांच्या कंडरा. नितंबावरून खाली पोटरीकडे घसरला, तर मणक्याची चौकशी करावी. आणि ताप आला, माणूस पडला किंवा पाय टेकवेनासा झाला, तर ललितलेख वाचत बसू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

दुसरा आक्षेप घरच्या आत्याबाई घेतात: दुखतंय तर बसून राहा. बसायला प्लास्टिकची खुर्ची असतेच. मांडी घालायची नाही म्हणून पंगत सुटली, कीर्तनातही मागच्या रांगेत खुर्ची. दिवसभर असं बसून खुब्याचे पुढचे स्नायू आखडतात, आणि उठून टाकलेलं पहिलं पाऊल जांघेत ओढ देतं. त्यापेक्षा फिजिओथेरपिस्टला विचारून चांगल्या कुशीवर निजावं, दोन पायांत उशी घ्यावी आणि वरचा पाय सावकाश उचलावा. दिसायला हा व्यायाम अगदीच भिकार आहे. अंबडच्या मत्स्योदरीच्या पायऱ्या किंवा राजूरच्या गणपतीची अंगारकीची पायी वारी ज्यांच्या डोळ्यांपुढे आहे, त्यांना पलंगावर पडून पाय हलवणं म्हणजे अपमानच वाटतो. पण त्या पायऱ्या चढवणारे स्नायू हेच.

राहिली काठी. ती घेतली की म्हातारा झाला, अशी आपल्याकडे समजूत. वॉल्टर ब्लाउंट या अमेरिकन अस्थिशल्यविशारदाने १९५६ मध्ये काठी फेकून देऊ नका, एवढं सांगायला आख्खा शोधनिबंध लिहिला. काठी दुखऱ्या खुब्याच्या विरुद्ध हातात धरायची. आपण नेमकी दुखऱ्या बाजूला धरतो. आता गुडघा उजवा बदललेला आणि खुबा डावा दुखणारा असेल, तर काठी कुठल्या हातात, हा पेच खरा आहे. त्याचं उत्तर फिजिओथेरपिस्टने चालवून बघूनच द्यावं. पिशवीचा नियम मात्र उलटा: ओझं उचलायचंच असेल, तर दुखऱ्या खुब्याच्याच बाजूला, कारण विरुद्ध हातातलं ओझं त्या खुब्याचा भार वाढवतं. जालन्यात भेटायला येणारा प्रत्येक जण मोसंबी आणतोच. दोन-चार मोसंब्या दुखऱ्या बाजूच्या हातात चालतील. पाच किलोची पिशवी ज्याने आणली, त्यानेच स्वयंपाकघरात नेऊन ठेवावी.