हितं सभासद

कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात माझी चुलतबहीण दिली आहे. मी तिला आक्का म्हणतो. गाव ‘अध्यक्ष’ म्हणतं, आणि आमच्या दाजींना ‘अध्यक्षांचं मालक’. सरपंचबाईंच्या नवऱ्याला निदान पुढच्या खुर्चीत बसायला मिळतं. बचत गटाच्या अध्यक्षाच्या नवऱ्याला मिळते ती सतरंजी, तीही झटकायला.

1992 साली नाबार्डनं प्रयोग म्हणून देशातले 500 बचत गट बँकांना जोडायचं ठरवलं, तेव्हा आक्का परकरात होती. त्या प्रयोगाला पुढे काय फळं आली ते दाजींना विचारावं. गटाच्या कर्जाचा फॉर्म घेऊन आक्का पहिल्यांदा बँकेत गेली तेव्हा साहेब म्हणाले, “मिस्टरांना पाठवा.” आक्का म्हणाली, “त्यांना कशाला? त्यांच्या नावावर काय न्हाई.” साहेबांनी चहा मागवला.

बैठक दर मंगळवारी दुपारी दोनला, समाजमंदिरात. सभासद बारा. पेटी एकीच्या घरी, किल्ली दुसरीच्या आणि रजिस्टर तिसरीच्या. या तिघींचं आपसात पटत नाही, हे नीट बघूनच आक्कानं त्यांची निवड केली आहे. उशिरा येणारीला पाच रुपये दंड. पहिला दंड खुद्द सासूबाईंना बसला. दुपारी जरा डोळा लागला म्हणून म्हातारी दहा मिनिटं उशिरा आली. “अगं, मी तुझी सासू!” आक्का रजिस्टरातून मान वर न करता म्हणाली, “घरात आत्याबाई, हितं सभासद.” म्हातारीनं कनवटीची नाणी काढून अशी काही मोजली, की पुढचे आठ दिवस घरात कालवणाला चव नव्हती.

मंगळवार दुपारचा. त्याआधी आक्काचं काय चालतं ते मला कधीच पुरतं कळलेलं नाही. मी उठेपर्यंत दोन म्हशींची धार निघून दूध डेअरीला गेलेलं असतं, भाकरीची चवड फडक्यात बांधलेली असते आणि आक्का सोयाबीन भांगलायला रानात. मधल्या वेळात कुणाच्या तरी सुनेला दवाखान्यात न्यायचं असतं, कुणाच्या तरी म्हाताऱ्याचा पेन्शनचा कागद तहसीलला अडकलेला असतो. दाजींना जेवताना भात हवा असला तर आदल्या दिवशी सांगावं लागतं.

2016 च्या उन्हाळ्यात पाणी अडवायच्या कामांची वॉटर कप स्पर्धा आली. पहिल्या वर्षी राज्यातले तीनच तालुके होते, त्यांत आमचा एक. आक्का गावातर्फे प्रशिक्षण घेऊन आली आणि तेव्हापासून तिचं जगाकडे बघणं बदललं. तिला आता माणसं दिसत नाहीत, उतार दिसतो. भाचीसाठी स्थळ बघायला गेलो तर सगळे मुलाचा पगार विचारतायत आणि आक्का खिडकीतून मागचा डोंगर बघतेय. परत येताना म्हणाली, “पोरगा बरा हाय. पण डोंगरावर एक चर न्हाई. सगळं पाणी वाहून जातंय. अशा घरात पोरगी कशी द्यायची?” पंचेचाळीस दिवस तिनं गावाला माथ्यापासून पायथ्यापर्यंत खणायला लावलं. चांदण्या रात्री श्रमदान, टोपलीमागं टोपली. ज्यांची बोलचाल बंद होती ते भाऊ एकाच चरात समोरासमोर उभे केले. बोलले नाहीत, पण खणले. पहिला नंबर मात्र आमच्याच तालुक्यातल्या वेळूनं नेला. आक्काची नणंद वेळूला दिलेली. नणंद दिवाळीला येते, ओवाळते, आणि जाता जाता विहिरीला पाणी किती आहे ते सांगून जाते. आक्का हसून ऐकते. त्या दिवशी भांडी जरा जास्त वाजतात.

गटाचे ज्वारीचे पापड एकदा मुंबईला महालक्ष्मी सरस प्रदर्शनात गेले. एका बाईंनी पाकीट उलटसुलट करून विचारलं, “ग्लूटेन फ्री आहेत का?” आक्का म्हणाली, “फ्री काय न्हाई बाई. पन्नास रुपये पाकीट.”

पण तिची खरी कसोटी दाजींनी बघितली. जूनमध्ये खताला दहा हजार कमी पडले. “पेटीतलं दे,” दाजी म्हणाले, “घरातलंच तर हाय.” आक्कानं हातातली परात खाली ठेवली. “आवं, ती पेटी बाराजणींची हाय.” शेवटी कर्ज तिच्या नावावर घ्यायचं ठरलं; पण पैसे कशाला हवेत ते दाजींनी बैठकीत येऊन सांगायचं. दाजी टोपी हातात घेऊन उभे राहिले. जन्मात तलाठ्यासमोर उभे राहिले नव्हते असे. एकीनं विचारलं, गेल्या साली खताच्या पैशात मोबाईल आला होता, तो कुठला? दुसरीनं विचारलं, तंबाखू दिवसाला किती लागते? सासूबाई आपल्या पोराची बाजू घेतील असं दाजींना वाटलं होतं. म्हातारी म्हणाली, “हप्ता चुकला तर मी वळखत न्हाई.” शेकडा दोन व्याजानं ठराव मंजूर झाला. दाजींनी अजून एक हप्ता चुकवलेला नाही. सोसायटीची त्यांना अशी धास्ती कधी वाटली नव्हती.

परवा मी गेलो तो मंगळवारच होता. सकाळपासून म्हैस अडली होती. डॉक्टर येईपर्यंत आक्का गोठ्यातून हलली नाही; रेडकू पायावर उभं राहिलं तेव्हा दोन वाजून गेले होते. पदराला हात पुसत ती तशीच समाजमंदिरात पळाली, मागोमाग मी. दोन वाजून वीस मिनिटं. अकराजणी गप्प. कुणी घड्याळाकडे बघेना, कुणी आक्काकडे बघेना. “म्हशीचं झालं ना नीट?” कुणीतरी हळूच विचारलं. आक्कानं मान हलवली आणि सतरंजीवर टेकायला गेली.

कोपऱ्यातून सासूबाईंनी रजिस्टर पुढे सरकवलं.

“रेडा का रेडी ते घरी सांग,” म्हातारी म्हणाली. “हितं पाच रुपये काढ, सभासद.”