शिक्षण की सोडत?
अमेरिकन वकिलातीच्या खिडकीत साहेब विचारतो, शिकून परत येणार ना? पोरगं छातीठोकपणे 'हो' म्हणतं. फाइलमध्ये चाळीस लाखांच्या कर्जाचं मंजुरीपत्र, तारण वडिलांचा कोथरूडचा फ्लॅट. विद्यापीठ मात्र शिक्षणानंतरच्या तीन वर्षांच्या नोकरीची मुभाच विकतं. तीन वर्षं मिळतात ती विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीला; त्यापायी तिकडे एमबीएलाही तोच टिळा लागलाय. त्या मुभेच्या पहिल्या वर्षी बेकारीचे दिवस फार तर ९०. पुढे एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची सोडत, वर्षाला ८५,००० जागा. (म्हाडाला उगाच नावं ठेवतो आपण.) अमेरिकन अध्यक्षांच्या सप्टेंबर २०२५ च्या फर्मानाने तर बहारच केली: परदेशातून नवा माणूस आणायचा तर मालकाने १,००,००० डॉलर भरायचे, तिथेच चिकटून राहिलेल्याला बहुधा माफ. म्हणजे शब्द पाळून परतलेला महाग! हप्ते मात्र दोघांचेही कोथरूडलाच.