बाविसाव्या मजल्यावरच्या सख्या

शांघायमध्ये जिवाभावाच्या मैत्रिणी हव्या असतील तर आधी लिफ्ट असलेली इमारत बघावी. निदान चिनी मालिकांचं तरी तसंच म्हणणं दिसतं. २०१६च्या ‘ओड टू जॉय’मधल्या पाचही जणी बाविसाव्या मजल्यावर राहतात. २२०१मध्ये बक्कळ पगाराची अँडी, २२०३मध्ये बापाच्या पैशावर उड्या मारणारी छू शियाओशियाओ, आणि मधल्या २२०२मध्ये भाडं वाटून घेणाऱ्या तिघी. एका पॅसेजमध्ये अख्खा वर्गसंघर्ष! तोही कम्युनिस्ट पक्षाच्या राज्यात.

त्या तिघींतली फान शंगमेई मात्र अस्सल. तिशी गाठलेली, परदेशी कंपनीत एचआरला; कपडे झकपक, बँकेत खडखडाट. गावाकडच्या दिवट्या भावाच्या भानगडी हिनं निस्तरायच्या आणि आईबापांनी माया करायची ती लेकावरच. घरून फोन आला की तिचा चेहरा पडतो, कारण पलीकडून ‘जेवलीस का’ नव्हे, ‘पैसे पाठव’ ऐकू येणार. वंशाच्या दिव्याला तेल लेकीनंच पुरवायचं! अशा वेळी शेजारणी धावून येतात, तेवढी मैत्री खरी वाटते.

पण ‘स्वतःच्या पायावर उभं राहणं’ दाखवायचं म्हटलं की लेखकांचे हात थरथरतात. २०१७ची ‘द फर्स्ट हाफ ऑफ माय लाइफ’ बघा. नवऱ्यानं सोडल्यावर सुखवस्तू गृहिणी लुओ झिजुन बुटांच्या दुकानात नोकरीला लागते. शाब्बास! पण अभ्यास घेणार कोण? मैत्रिणीचा, तांग जिंगचा, मित्र हे हान. सल्ले त्याचे, ओळखी त्याच्या आणि शेवटी तो हिच्याच प्रेमात. पडत्या काळात सावरणाऱ्या मैत्रिणीला बक्षीस काय, तर दहा वर्षांचा जोडीदार गमावणं. ज्या यी शू बाईंच्या कादंबरीवर हे बेतलंय, तिच्यात ही भानगडच नाही. पटकथेनं ती पदरची घातली.

२०२०च्या ‘नथिंग बट थर्टी’त नायिका गू जिया श्रीमंत बायकांच्या कंपूत शिरायला जाते. सगळ्या मिळून फोटो काढतात. नंतर ती मोबाइल उघडून बघते तर फोटोतून हिलाच कापलेलं! पर्स पुरेशी महाग नव्हती. मग बाई एर्मेसची पर्स मिळवते आणि पुढच्या फोटोत मधोमध उभी राहते. याला म्हणायचं व्यक्तिमत्त्व विकास.

याच मालिकेत भाग संपता संपता रस्त्यावर कांदापातीच्या पोळ्या विकणारं एक कुटुंब दिसतं. नवरा, बायको, पोर आणि तापलेला तवा. ती बाई राबते आणि हसतेही. तिला एक वाक्य बोलायला द्यावं, एवढी सवड मात्र ४३ भागांत कुणाला झाली नाही.